ओरडल्यानं माणूस मरतो का?

माझ्या पट्ट्यावर निम्मं जळगाव चालून गेलं, पण कुणी कुठेच पोचलं नाही. निवृत्त झाले त्या दिवशी दवाखान्यातल्या मुलींनी मला त्या पट्ट्यावर उभं करून फोटो काढला, तेव्हा लक्षात आलं की इतक्या वर्षांत मी स्वतः त्यावर एकदाही चालले नव्हते.

मी स्ट्रेस टेस्ट करणारी तंत्रज्ञ. ज्यांनी ती करून घेतलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. छातीवर ठिकठिकाणी गोल चिकटपट्ट्या लावायच्या, त्यांना तारा जोडायच्या, दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधायचा आणि माणसाला फिरत्या पट्ट्यावर चालवायचं. पट्ट्याचा वेग आणि चढ थोड्या थोड्या वेळानं वाढत जातो. हृदयावर ताण आला की ते कसं वागतं, ते समोरच्या पडद्यावर दिसतं. पुरुषांच्या छातीवरचे केस आधी काढावे लागतात. भल्याभल्या मिशीवाल्यांना मी त्या वेळी लहान पोरासारखं खुदुखुदु हसताना पाहिलंय. बायकांना मात्र ही तपासणी बाईनंच करावी असं वाटतं, म्हणून माझ्याकडे आसपासच्या खेड्यांतून बायका यायच्या.

मी मूळची धुळ्याची. आईला माझं काम शेवटपर्यंत पटलं नाही. "लोकेसले पयाडतस आनि वर पैसाबी लेतस! कसानी नोकरी शे ही?" लोकांना पळवायचं आणि वर त्यांच्याकडूनच पैसे घ्यायचे, हे तिच्या हिशेबात बसत नव्हतं.

कामात एक गोष्ट फार लवकर कळली. पट्टा फक्त पायांना दमवतो. खरा ताण माणूस घरून घेऊन आलेला असतो. काहींचं हृदय यंत्र सुरू व्हायच्या आधीच धावत सुटलेलं असायचं. काही जण डॉक्टरांनी वाईट बातमी सांगितली तरी नाडी हलू द्यायचे नाहीत. पूर्वी मला वाटायचं, हा स्वभावाचा भाग. एखादा घाबरट, एखादा धीराचा. मग एकदा धरणगावचे जुळे भाऊ आले. दिसायला इतके सारखे की मी एकाच्या हातावर पेनानं खूण केली. एक धरणगावला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, दुसरा लहानपणीच मामाकडे सुरतेला गेलेला. वेगवेगळं खाणं, वेगवेगळं राहणं. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून रक्तदाब घेतला. दंडाला पट्टा गुंडाळताच दोघांचाही दाब सारखाच चढला, आणि गप्पा मारत बसल्यावर सारखाच उतरला. दोघांच्याही उजव्या तळहाताला घाम. आमचे डॉक्टर म्हणाले, "शोभाताई, भीती प्रत्येकाची स्वतःची असते. पण भीती वाटल्यावर शरीर काय करणार, त्यातलं बरंचसं आईबापांकडून आलेलं असतं."

त्या वेळी ते बोलणं मी ऐकलं आणि सोडून दिलं. ते खऱ्या अर्थानं समजलं जळगावजवळच्या असोदा गावातल्या एका घरामुळे. त्या घराची परवानगी घेऊन हे लिहिते आहे. नावं बदलली आहेत.

एका सकाळी मंगला नावाची एक बाई मुलीला घेऊन आली. मुलगी मयुरी, दहावीतली, सडपातळ, खाली मान घालून बसणारी. सोबत मंगलाचे सासरे. सगळं असोदा त्यांना आबाच म्हणायचं. पांढरीशुभ्र टोपी, ताठ पाठ, केळीच्या बागेत आयुष्य गेलेला माणूस. त्यांना हे येणंच मान्य नव्हतं, ते चेहऱ्यावरून दिसत होतं.

मयुरी मधूनच पडायची. बेशुद्ध व्हायची, हातपाय ताठ व्हायचे, थोड्या वेळानं आपली आपण शुद्धीवर यायची. फिट म्हणून दोन-तीन वर्षं गोळ्या चालू होत्या. गुण नव्हता.

डॉक्टरांनी विचारलं, "पडायच्या आधी काय चाललेलं असतं?"

मंगला म्हणाली, "एकदा खोखो खेयत व्हती. एकदा स्नेहसंमेलनात सरांनी आवचित नाव पुकारलं, तं जागीच पडली. एकदा गोठ्यात बैल अंगावर आला तवा." असोद्याकडच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो. तिथली माणसं जळगावला जयगाव म्हणतात.

"आणि निवांत बसलेली असताना? झोपेत?"

मंगलानं आठवून पाहिलं. "नाई साहेब. निवांत असली की कधीच नाई."

"मन कच्चं हे तिचं," आबा म्हणाले. "दुसरं काही नाई. आमच्या घरात असं कोनी नव्हतं."

मयुरीची मान आणखी खाली गेली. हे वाक्य तिनं किती वेळा ऐकलं असेल, ते त्या मानेवरून कळत होतं.

डॉक्टरांनी साधा ईसीजी काढायला सांगितला. तो स्वच्छ आला. आता बोलणं संपलं असं वाटत असतानाच ते म्हणाले, "हिचे वडील नाही आले?"

मंगला म्हणाली, "ते नाईत. ही पोटात व्हती तवा गेले. बांधावरच्या भांडनात."

"मारलं कुणी?"

"लोक म्हनतात."

"म्हनतात काय?" आबांचा आवाज चढला. "मारलंच! शेजारच्या मळ्यातल्या भागवतानं काठी घातली माह्या सुधाकरले."

डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "शोभाताई, हिची टेस्ट करू. पण मी शेजारी उभा राहीन. शॉकचं मशीन जवळ घ्या, हाताला सलाईन लावून ठेवा." पंधरा वर्षांच्या, साधा ईसीजी स्वच्छ असलेल्या मुलीसाठी एवढी तयारी त्यांनी कधी करायला लावली नव्हती. मी विचारलं नाही. त्यांना कसली तरी शंका आहे, एवढं मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

मयुरी पट्ट्यावर उभी राहिली तेव्हा तिचे हात थंडगार होते. मी तिला म्हटलं, "शाळेत जातेस तशी चाल. घाई नाही. कसंही वाटलं तरी लगेच सांग." ती चालू लागली. पहिला टप्पा नीट गेला. दुसऱ्यात वेग वाढला, नाडी चढली, आणि पडद्यावरच्या एकसारख्या ओळीत एक ठोका वेडावाकडा आला. मग आणखी एक. मग जोडीजोडीनं. आणि पाहता पाहता सगळी ओळच बदलली. एक ठोका वर तोंड करून, पुढचा खाली तोंड करून, परत वर, परत खाली. इतक्या वर्षांत मी तसं कधी पाहिलं नव्हतं.

"काकू, मला ते होतंय," मयुरी म्हणाली.

"थांबवा," डॉक्टर म्हणाले, पण माझा हात आधीच बटणावर गेला होता. आम्ही दोघांनी तिला उचलून पलंगावर घेतलं. डॉक्टरांनी सलाईनमधून इंजेक्शन दिलं. शॉकच्या मशीनच्या दोन्ही मुठी त्यांनी उचलून तयार ठेवल्या होत्या. मी तिच्या मनगटावर बोटं ठेवून पडद्याकडे पाहत राहिले. वर, खाली, वर, खाली. मग हळूहळू ठोके एका दिशेला लागले. मयुरीनं डोळे उघडले. माझ्या पाठीवरून घामाची धार वाहत होती, ती मला तेव्हा जाणवली.

ती सावरल्यावर डॉक्टरांनी सगळ्यांना समोर बसवलं. शहरातल्या रोग्यांना ते जसं सांगत तसं त्यांनी इथं सांगितलं नाही. आबांना विचारलं, "तुमच्या बागेत ठिबक आहे ना?"

"हे ना."

"एखादा व्हॉल्व्ह असा असतो, की पाण्याला दाब कमी असला तर टिपूस गळत नाही. मोटर जोरात सुरू झाली की गळायला लागतो. मयुरीच्या हृदयाच्या पेशींत तसे बारीक दरवाजे आहेत. माणूस घाबरला, चिडला, धावला की शरीर हृदयाकडे एक रस सोडतं, जोर लावायला सांगणारा. तुमच्या-माझ्या हृदयात तेव्हा ते दरवाजे मापात उघडतात. हिच्या हृदयात ते गळतात, आणि ठोक्यांचा ताल सुटतो. हे जन्मापासून आहे. ही फिट नाही."

आबा म्हणाले, "म्हंजे मोटर चांगली, वॉल गयका."

"अगदी बरोबर. आणि मयुरी, ऐक. भीती सगळ्यांना वाटते. तू इतरांपेक्षा जास्त घाबरत नाहीस. तुझं मन कच्चं नाही."

मयुरीनं पहिल्यांदा मान वर केली. "मंग मी भित्री नाही?"

"नाहीस."

ती रडायला लागली. मला वाटलं आजाराच्या भीतीनं रडतेय. पण ते रडणं तसलं नव्हतं. तिच्या आईला ते माझ्या आधी कळलं. तिनं मुलीला जवळ घेतलं आणि सासऱ्यांकडे पाहिलं.

असे आजार घराण्यात उतरतात, म्हणून डॉक्टरांनी मंगलाला आणि आबांनाही तपासायला बोलावलं. मंगला सगळे टप्पे चालली, तिचं हृदय तालात राहिलं. आबा दोन आठवडे आलेच नाहीत. "मले काय व्हनार हे," म्हणून सुनेला उडवून लावत होते. शेवटी मयुरीच त्यांचा हात धरून घेऊन आली. त्यांना आम्ही फार चालवलं नाही. डॉक्टर शेजारी होतेच. वेग जरा वाढला आणि पडद्यावर, एकेक करून, तेच वेडे ठोके आले. थोडेच, पण तेच. आबांना काहीच जाणवलं नव्हतं. "झालं का?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "झालं, आबा," आणि त्यांच्याकडे पाहायचं टाळून तारा सोडवत राहिले.

मग आजोबा आणि नात दोघांचं रक्त मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवलं. काही आठवड्यांनी उत्तर आलं. दोघांच्याही एकाच जनुकात, एकाच जागी, एकच बदल.

तो दिवस मी विसरणार नाही. डॉक्टरांनी सांगितलं, "आबा, हे तुमच्याकडून सुधाकरला गेलं, आणि त्याच्याकडून मयुरीला."

"मंग मी जित्ता कसा?"

"याचं पूर्ण उत्तर कुणाकडेच नाही. बदल एकच असला तरी प्रत्येकाचं शरीर त्याला सारखं वागवत नाही. एखादा आयुष्यभर पडत नाही. एखादा पहिल्याच वेळी जातो."

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग त्यांनी विचारलं, "साहेब, काठी न लागताबी मानूस जाऊ शकतो?"

"या आजारात जाऊ शकतो. नुसत्या धक्क्यानं."

आबा भिंतीकडे पाहत म्हणाले, "नव्हती लागली."

मंगला ताडकन उठून उभी राहिली.

"काठी उगारली व्हती. लागली नव्हती. मी धा पावलांवर उभा व्हतो, मी पाह्यलं." त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. "पन माह्या पोराले हात न लावता तो मेला, हे मी कोनाले सांगू? कोन मानंल? मलेच खरं वाटे ना. मंग मी म्हनलो, लागली."

पोलिसांनी तेव्हा भागवतला नेलं होतं. अंगावर जखम सापडली नाही, म्हणून सोडून दिलं. पण गावानं सोडलं नाही. मुका मार होता, असं लोकांनी ठरवलं. त्याच्या मुलीचं लग्न दोनदा जुळत येऊन मोडलं, मग कसंबसं झालं. बागेतला माल उतरवायला मजूर मिळेनात. हे सगळं मंगलानंच मला नंतर सांगितलं. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "आबा, मी त्या घराकडं इतके वर्स पाह्यलंबी नाई. तुमी जाऊन सांगा. तुमच्या तोंडानं."

पुढचं थोडं इथंच सांगून टाकते. मयुरीला ताणाच्या वेळी हृदयाला आवरून धरणारी गोळी सुरू झाली. ती एक दिवसही चुकवायची नाही, शर्यतीत धावायचं नाही. आता ती कॉलेजात आहे. गोळी लागू पडल्यापासून ती पडलेली नाही. आबांनाही तीच गोळी. मला मात्र तेव्हापासून एक रुखरुख लागून राहिली. मिरगी म्हणून, अंगात येतं म्हणून, भित्री म्हणून घराघरांतून बसवून ठेवलेली किती माणसं असतील, जी माझ्या पट्ट्यापर्यंत कधी आलीच नाहीत?

त्या दिवसानंतर आठवडाभरानं आबांचा फोन आला. "ताई, तुमी येता का संगं? माह्या तोंडून नुसतं ऐकलं तं त्याले वाटंल, म्हातारा आता काहीबी सांगतो. आजार काय हे ते तुमी सांगा. बाकीचं मी सांगतो."

डॉक्टरांना विचारून मी रविवारी असोद्याला गेले. आबा फाट्यावर थांबले होते. आम्ही मळ्याच्या वाटेनं चालत गेलो. भागवतभाऊंचं घर मळ्यातच, केळीच्या बागेला लागून. गावातलं घर त्यांनी विकून टाकलं होतं. भाऊ ओसरीवर केळीचे घड पुसत बसले होते. साठीतला माणूस, बारीक, खांदे पुढे झुकलेले. आबांना पाहून ते उभे राहिले, पण 'या' म्हणाले नाहीत. त्यांच्या बायकोनं, कमलबाईंनी, मला खुर्ची दिली. आबा उभेच राहिले.

मी जमेल तितक्या साध्या शब्दांत सांगितलं. दरवाजे, गळती, सुटणारा ताल, मयुरी, आबा. भागवतभाऊ खाली पाहून ऐकत होते. माझं झाल्यावर आबा म्हणाले, "भागवत, काठी लागली नव्हती. मले माहीत व्हतं. मी खोटं बोललो."

भाऊंनी आबांकडे पाहिलंच नाही. त्यांनी मला विचारलं, "ताई, काठी लागली नाई हे मले पहिल्यापासून माहीत हे. तेवढं सांगाले तुमाले इथपर्यंत यायची गरज नव्हती. मले दुसरं सांगा. मी वरडलो. लई जोरात वरडलो त्याच्यावर. मी वरडलो म्हनून तो मेला, का नाई?"

हा प्रश्न मी अपेक्षिला नव्हता. नाही म्हणणं सोपं होतं. पण त्या माणसाला एकाच्या खोट्यानं इतकी वर्षं पुरलं होतं, त्यात मी माझी भर घालणार नव्हते.

मी म्हटलं, "भाऊ, त्या ओरडण्यानं धक्का बसला असेल. ते निमित्त झालं असेल. पण ओरडल्यानं माणूस मरत नाही. बांधावर रोज कुणी ना कुणी कुणावर ओरडतं. सुधाकरच्या हृदयात जन्मापासून जे होतं ते त्याला माहीत नव्हतं, त्याच्या बापाला माहीत नव्हतं, कुठल्या डॉक्टरला माहीत नव्हतं. तुम्हाला कुठून माहीत असणार? त्याच जागी बैल अंगावर आला असता, तरी तेच झालं असतं."

उत्तर कमलबाईंनी दिलं. मला म्हणाल्या, "ताई, त्या दिसापासून हे मानूस मोठ्यानं बोललं नाई. पोराइले रागावलं नाई, बैलाले हाकारलं नाई. पोरीच्या लग्नात मानसं इचारे, नवरीचा बाप मुका हे का?"

आबा तिथंच मातीत बसले. त्यांनी हात जोडले. माफ केलं असं भागवतभाऊ म्हणाले नाहीत, आणि म्हणावं असं मलाही वाटलं नाही. त्यांनी बायकोला हळूच सांगितलं, "चहा ठेव. आबाले बी."

चहा सगळ्यांनी घेतला. मग आम्ही निघालो. आबा माझ्या पुढे चार पावलं, खाली पाहत, अरुंद वाटेच्या मधोमध चालले होते. वळणाच्या पलीकडून केळीनं लादलेला ट्रॅक्टर येत होता. सुटलेल्या वाऱ्यात, केळीच्या पानांच्या सळसळीत मला तो ऐकू आला नाही, आबांनाही नाही. आणि मागून, ओसरीवरून, आवाज आला.

"आबा! बाजूले व्हा!"

शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल असा, भरदार, मोकळा आवाज. आबा दचकून जागच्या जागी थांबले, मग वाटेच्या कडेला सरकले. ट्रॅक्टर आमच्या अंगावरून वारा घालत निघून गेला. मी धावत जाऊन आबांचं मनगट धरलं. सवयच ती. बोटं नाडीवर ठेवली आणि श्वास रोखून मोजत राहिले.

नाडी जोरात धावत होती. पण तालात होती.

आबांनी मला हात सोडू दिला नाही. मागे वळून ते ओसरीकडे पाहत होते. तिथं भागवतभाऊ उभे होते, तोंडावर हात ठेवून, स्वतःच्याच आवाजानं घाबरल्यासारखे. आबांनी दुसरा हात वर केला आणि ओरडून सांगितलं, "ऐकू आलं रे, भागवत! ऐकू आलं!"